१०७ नंबरची जमीन

आयोवा राज्यात शेतजमिनीचा लिलाव निघाला की जाहिरातीसोबत जमिनीचा एक रंगीत नकाशा येतो. त्यावर वेड्यावाकड्या रेषांनी तुकडे पाडलेले असतात आणि प्रत्येक तुकड्यात एक आकडा असतो: १३८बी, ५५, ५०७, ६, १०७. हे गट नंबर नव्हेत, मातीचे नंबर आहेत. १०७ म्हणजे वेबस्टर, मग शेत राज्यात कुठेही असो. नकाशाखालच्या तक्त्यात मका पिकवण्याच्या कसोटीवर या मातीला शंभरपैकी ऐंशीच्या वर गुण असतात. बोली लावणारे आधी तोच रकाना बघतात.

अमेरिकी कृषी खात्याच्या मृदा सर्वेक्षणात मात्र याच वेबस्टरची ओळख वेगळ्या शब्दांत दिली आहे. खूप खोल, सपाट ते किंचित उताराची, हिमनदीने टाकलेल्या मातीपासून बनलेली आणि ‘निचरा वाईट’ असलेली जमीन. आपल्याकडचा शेतकरी अशा जमिनीला चिबड म्हणेल आणि तिच्यापासून चार हात दूर राहील. कायद्याच्या दप्तरात आणखी तिसरी नोंद आहे. तिथे वेबस्टर पाणथळ मातींच्या यादीत आहे.

एकच जमीन बाजारात अव्वल, शास्त्रात चिबड आणि कायद्यात पाणथळ. तिन्ही नोंदी खऱ्या आहेत. त्या एकाच वेळी खऱ्या कशा ठरल्या, हे कळण्यासाठी या मातीची वंशावळ पार बर्फापासून लावावी लागते.

बर्फाने टाकलेला माल

शेवटच्या हिमयुगात कॅनडा आणि अमेरिकेचा उत्तर भाग लॉरेन्टाइड नावाच्या प्रचंड हिमस्तराखाली होता. त्याचा एक फाटा मिनेसोटावरून दक्षिणेला सरकत आजच्या डी मॉइन शहरापर्यंत आला. भूशास्त्रज्ञ त्याला ‘डी मॉइन लोब’ म्हणतात. साधारण सोळा-सतरा हजार वर्षांपूर्वी तो दक्षिणेच्या टोकाला पोचला आणि पुढच्या दोन-तीन हजार वर्षांत वितळत मागे गेला. जाताना खाली जो माल सोडून गेला, त्याला ‘टिल’ म्हणतात.

नदीचा गाळ आणि टिल यांत मोठा फरक आहे. नदी माल निवडते. वेग कमी होईल तसे आधी गोटे, मग वाळू, मग पोयटा आणि शेवटी चिकणमाती खाली बसते. बर्फ काहीच निवडत नाही. वाटेत जे सापडेल ते खरवडायचं, दळायचं, ओढत न्यायचं आणि वितळताना एकत्र टाकून द्यायचं. म्हणून डी मॉइन लोबच्या टिलमध्ये कॅनडातल्या ग्रॅनाइटचे धोंडे, चुनखडीचा चुरा, करड्या शेल खडकाचे कपचे आणि पिठासारखी बारीक भुकटी हे सगळं एकत्र सापडतं. वाळू, पोयटा आणि चिकण यांचं प्रमाण असं पडलं की एकूण माती पोयट्याची झाली, म्हणजे हाताला ना फार वाळूदार लागते, ना फार चिकट. चुनखडीमुळे चुना भरपूर. पीक काढायला यापेक्षा चांगला कच्चा माल मिळणं अवघड.

मग निचरा का नाही? दोष मातीच्या पोतात कमी आणि वयात जास्त आहे. दक्षिण आयोवातही टिल आहे, पण ती पाच लाख वर्षांहून जुनी. एवढ्या काळात ओढ्या-नद्यांनी तो प्रदेश कापून काढला, टेकड्या आणि दऱ्या झाल्या, पाण्याला वाट मिळाली. डी मॉइन लोबवरून बर्फ हटून मात्र जेमतेम १४ हजार वर्षं झाली. भूशास्त्राच्या हिशेबात हा काळ म्हणजे काहीच नाही. नद्यांना तिथे पोचायला वेळच मिळाला नाही. बर्फाने जसा ओबडधोबड पृष्ठभाग सोडला, तसाच तो राहिला: उथळ खळगे, त्यांच्यामध्ये हलके उंचवटे आणि पावसाच्या पाण्याला बाहेर पडायला मार्ग नाही. त्यात बर्फाच्या वजनाखाली दाबली गेलेली खालची टिल घट्ट असल्याने पाणी खालीही झिरपत नाही.

बर्फ हे सगळं करू शकतो, हे युरोपीय विद्वानांनाही एकोणिसाव्या शतकात उमगलं. मैदानात पडलेले परके धोंडे महापुराने वाहून आणले, अशीच तोवर बहुतेकांची समजूत होती. १८३७ मध्ये लुई अगासी यांनी स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल इथल्या सभेत हिमयुगाची कल्पना मांडली, तेव्हा श्रोते नाराज झाले. १८४० मध्ये त्यांचा हिमनद्यांवरचा ग्रंथ आला आणि हळूहळू मत बदललं. पुढे टॉमस चेंबरलिन यांनी १८९० च्या दशकात अमेरिकेतल्या शेवटच्या हिमकाळाला ‘विस्कॉन्सिन’ हे नाव दिलं. डी मॉइन लोबची टिल त्याच काळातली.

गवत आणि गंज

बर्फ गेल्यावर आधी स्प्रूसची जंगलं आली, हवामान तापत गेलं तशी ती जाऊन पानगळीची झाडं आली आणि शेवटी उंच गवताची प्रेअरी पसरली. आजच्या मातीचा काळा रंग ही त्या गवताची देणगी. प्रेअरीच्या गवताचं निम्म्याहून जास्त वस्तुमान जमिनीखाली मुळांत असतं. दर वर्षी मुळांचा मोठा भाग मरतो आणि तिथेच कुजतो. खळग्यांमध्ये पाणी साचलेलं असल्याने हे कुजणं मंद होतं आणि सेंद्रिय पदार्थ साठत जातो. वेबस्टरच्या वरच्या थरात तो सहा-सात टक्क्यांपर्यंत असतो.

मराठी वाचकाला हा आकडा नीट समजावा म्हणून आपल्या काळ्या जमिनीशी तुलना करायला हवी. दख्खनची काळी कसदार दिसते, पण तिच्यातला सेंद्रिय कर्ब बऱ्याच ठिकाणी एक टक्क्याच्याही खाली असतो. तिचा काळेपणा बेसाल्टपासून झालेल्या, फुगणाऱ्या चिकण खनिजांशी घट्ट बांधलेल्या थोड्याशा ह्यूमसचा असतो. वेबस्टर काळी आहे ती प्रत्यक्ष सेंद्रिय पदार्थामुळे. दोन्ही मातींचा रंग सारखा, पण त्यामागचं कारण आणि कस वेगवेगळा.

वेबस्टरचा खरा इतिहास मात्र त्या काळ्या थराच्या खाली दिसतो. तिथे माती करडी-हिरवट असते आणि मधूनमधून तांबूस-केशरी ठिपके दिसतात. हा लोहाचा खेळ आहे. मातीत पाणी भरून राहिलं की जिवाणू आधी प्राणवायू संपवतात, मग नायट्रेट, मग मँगनीज आणि त्यानंतर लोह. हवेत गंजलेलं लोह पाण्यात विरघळत नाही. जिवाणूंनी त्याचं रूप बदललं की विरघळतं आणि पाण्याबरोबर सरकतं. लोह गेलेल्या जागी मातीचे कण उघडे पडतात आणि करडे दिसतात. जिथे मुळाच्या पोकळीतून थोडी हवा आत येते, तिथे सरकत आलेलं लोह पुन्हा गंजतं आणि ठिपका उमटतो. रशियन शास्त्रज्ञ जॉर्जी विसोत्स्की यांनी १९०५ मध्ये या करड्या, पाण्याने घडवलेल्या थराला ‘ग्लाय’ म्हटलं आणि हा शब्द जगभरच्या मृदाशास्त्रात रुळला.

यातली एक गोष्ट पुढच्या सगळ्या कथेत महत्त्वाची ठरते. लोह एकदा वाहून गेलं की ते परत येत नाही. त्यामुळे पुढे जमीन कोरडी झाली तरी करडा रंग तसाच राहतो. गंजायला लोहच शिल्लक नसतं.

पुरलेल्या नळ्या

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला गोरे वसाहतकरी आयोवात आले, तेव्हा त्यांनी या सपाट ओल्या मैदानाकडे पाठ फिरवली. आधी नदीकाठची झाडीची आणि उंचावरची जमीन गेली. मधल्या दलदलीत वसंतात बैल रुतत, डासांमुळे हिवताप येई. १८५० च्या ‘स्वॉम्प लँड ॲक्ट’खाली केंद्र सरकारने अशा दलदलीच्या जमिनी राज्यांना देऊन टाकल्या. त्या विकून येणाऱ्या पैशातून त्या कोरड्या कराव्यात, ही अपेक्षा. चर खणले गेले, पण त्यांनी फारसं साधलं नाही.

उपाय आला तो न्यूयॉर्क राज्यातून, तोही हिमनद्यांनीच कोरलेल्या सेनेका सरोवराच्या काठावरून. जॉन जॉन्स्टन नावाचा स्कॉटिश शेतकरी १८२१ मध्ये तिथे येऊन स्थायिक झाला होता. शेतात जमिनीखालून पाणी काढायची स्कॉटलंडमधली रीत त्याला माहीत होती. त्याने तिथून भाजलेल्या मातीच्या नळ्यांचे नमुने मागवले, जवळच्या कुंभाराकडून तशा नळ्या करून घेतल्या आणि १८३८ मध्ये आपल्या गव्हाच्या शेतात पुरल्या. जॉन्स्टन वेडा झाला, मडकी जमिनीत पुरतोय, असं शेजारी म्हणत. त्याचं गव्हाचं पीक वाढलेलं पाहिल्यावर तेच शेजारी नळ्या मागायला लागले.

रीत साधी होती. साधारण फूटभर लांबीच्या नळ्या तीन-चार फूट खोल चरात, किंचित उतार ठेवून, एकीला एक टेकवून ओळीने मांडायच्या आणि माती लोटायची. सांधे भरायचे नाहीत. जमिनीतलं पाणी त्या फटींतूनच नळीत शिरतं आणि उताराने ओढ्याला किंवा मोठ्या चराला मिळतं. उन्हाळी पिकाला लागणारी ओल जमीन धरून ठेवते. नळी फक्त जादा पाणी काढते. आपल्या शेतकऱ्याच्या भाषेत, वसंतात वाफसा दोन-तीन आठवडे लवकर येतो. मक्याच्या प्रदेशात ते दोन-तीन आठवडे म्हणजे पीक हाती येणं किंवा जाणं.

मध्य-पश्चिमेत हे तंत्र पोचलं आणि वेगाने पसरलं. ओहायोतल्या जेम्स हिल यांच्या वाफेवरच्या चर खणणाऱ्या यंत्राला १८९४ मध्ये पेटंट मिळालं. पूर्वी मजूर कुदळ-फावड्याने दिवसभर खणत, ते काम यंत्र तासांत करू लागलं. आयोवातल्या मेसन सिटीसारख्या गावांत नळ्यांच्या भट्ट्या उभ्या राहिल्या. पण एका शेतकऱ्याच्या नळीतलं पाणी शेजाऱ्याच्या शेतातून जायचं तर त्याला कायद्याचा आधार हवा. तो १९०४ च्या कायद्याने आणि १९०८ च्या राज्यघटना दुरुस्तीने मिळाला. गावोगाव ‘ड्रेनेज डिस्ट्रिक्ट’ झाले: ज्याच्या जमिनीला निचऱ्याचा जितका फायदा, त्याच्यावर तितका कर, आणि त्या पैशातून मोठे चर व मुख्य वाहिन्या. काही दशकांतच आयोवातली बहुतेक पाणथळ जमीन नाहीशी झाली. राज्याच्या मूळ पाणथळीचा सुमारे नऊ-दशांश भाग आज उरलेला नाही.

आज नळ्या छिद्रं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या असतात, ट्रॅक्टरमागचा नांगर उपग्रहाच्या मदतीने उतार साधत त्या थेट जमिनीत घालतो. तरी शेतकरी त्यांना ‘टाइल’च म्हणतो.

एमीसचे विद्यार्थी

भाजलेल्या नळ्या पुरल्या जात होत्या त्याच काळात वेबस्टरच्या प्रदेशात एक असा विद्यार्थी शिकत होता, ज्याला मराठी घराघरांत ओळखतात. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर. वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे तो आपला झाला. १८९१ मध्ये तो एमीसच्या कृषी महाविद्यालयात आला, १८९४ मध्ये पदवी आणि १८९६ मध्ये पदव्युत्तर पदवी घेऊन टस्कीगीला गेला. एमीस डी मॉइन लोबच्या दक्षिण भागातलं गाव. कार्व्हर तिथे वनस्पतिशास्त्र शिकत होता तेव्हा आसपासच्या मैदानात नळ्या घालण्याचं काम जोरात चाललं होतं.

एमीसमध्ये हेन्री सी. वॉलेस नावाचे प्राध्यापक होते. त्यांचा लहान मुलगा हेन्री कार्व्हरबरोबर रानात फिरायचा. झाडं-फुलं ओळखायला त्याने कार्व्हरकडूनच सुरुवात केली. तो मुलगा म्हणजे हेन्री ए. वॉलेस. पुढे त्याने संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी काढली, आणि नंतर तो रूझवेल्ट यांचा कृषिमंत्री झाला. मातीच्या वर्गीकरणातला एक टप्पा त्याच्याच कारकिर्दीत आला.

मातीला नाव कसं पडलं

अमेरिकेत सरकारी मृदा सर्वेक्षण १८९९ मध्ये मिल्टन व्हिटनी यांच्या हाताखाली सुरू झालं. सुरुवातीचा भर पोतावर आणि खालच्या खडकावर होता. माती म्हणजे खडकाचा चुरा, असा तो विचार. रशियात मात्र वासिली डोकुचाएव यांनी १८८३ मध्येच काळ्या मातीवरच्या ग्रंथात दाखवलं होतं की माती हा स्वतंत्र नैसर्गिक पदार्थ आहे. खडक, हवामान, सजीव, भूरूप आणि काळ या पाचांनी मिळून तो घडतो. हा विचार अमेरिकेत रुजवला तो कर्टिस मार्बट यांनी. त्यांनी डोकुचाएव यांचे शिष्य ग्लिंका यांचा ग्रंथ जर्मनवरून इंग्रजीत आणला. तो १९२७ मध्ये छापला गेला.

पण मार्बट यांच्या चौकटीत वेबस्टरसारखी माती बसत नव्हती. त्या चौकटीत हवामान राजा होता. एकाच हवामानात, एकाच टिलवर, एकाच शेतात शेजारी शेजारी वेगळ्या माती कशा? उंचवट्यावर तपकिरी, निचऱ्याची क्लॅरियन. मधल्या उतारावर निकोलेट. सपाटीवर काळी-करडी वेबस्टर. खळग्याच्या तळाशी पाण्यात बुडणारी ओकोबोजी. आणि खळग्याच्या कडेला चुना साठलेली हार्प्स. यांच्यात उंचीचा फरक दोन-चार मीटरचा. खालच्या भूजलाची पातळी तेवढी वेगळी. पूर्व आफ्रिकेत जेफ्री मिल्न यांनी १९३५ मध्ये उतारावरच्या अशा मातींच्या साखळीला ‘कटेना’ म्हटलं आणि क्लॅरियन-निकोलेट-वेबस्टर हे तिचं पाठ्यपुस्तकी उदाहरण झालं. नावं स्थानिक आहेत. मृदा मालिकेला ती पहिल्यांदा नोंदली त्या भागातल्या ठिकाणाचं नाव द्यायची प्रथा आहे. क्लॅरियन हे आयोवातलं गाव, ओकोबोजी हे आयोवातलंच तळं. वेबस्टर नावाचा जिल्हाही आहे आणि वेबस्टर सिटी नावाचं गावही.

वॉलेस कृषिमंत्री असताना, १९३८ मध्ये, कृषी खात्याचं वार्षिक पुस्तक ‘सॉइल्स अँड मेन’ आलं. त्यात मातींचे तीन गट केले: हवामानाने ठरवलेल्या, स्थानिक परिस्थितीने ठरवलेल्या आणि अजून घडत असलेल्या. उंचवट्यावरची क्लॅरियन पहिल्या गटात प्रेअरी माती म्हणून गेली. वेबस्टर दुसऱ्या गटात, ‘वीझनबोडन’ म्हणजे कुरणाची माती या जर्मन नावाखाली. १९४९ मध्ये थॉर्प आणि स्मिथ यांनी नाव बदलून ‘ह्यूमिक ग्लाय’ केलं. काळ्या ह्यूमसचा थर आणि त्याखालचा विसोत्स्कींचा करडा थर, दोन्ही नावात आले.

मग गाय स्मिथ यांच्या नेतृत्वाखाली वर्गीकरणच नव्याने बांधायचं ठरलं. एकेक मसुदा जगभर फिरवला गेला. त्यातला सातवा, ‘सेव्हन्थ ॲप्रॉक्सिमेशन’, १९६० मध्ये मॅडिसनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत आला आणि १९६५ पासून अमेरिकेत लागू झाला. नावं रचायला बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातले लेमन्स आणि इलिनॉयमधले जॉन हेलर या ग्रीक-लॅटिनच्या अभ्यासकांची मदत घेतली. ग्रंथरूपाने ‘सॉइल टॅक्सॉनॉमी’ १९७५ मध्ये छापली गेली.

या पद्धतीचा नियम असा की माती कशी बनली असावी यावर वाद न घालता, तिच्यात आज मोजता येईल त्यावर वर्ग ठरवायचा. वेबस्टरचं पूर्ण नाव आज असं आहे: फाइन-लोमी, मिक्स्ड, सुपरॲक्टिव्ह, मेसिक टिपिक एन्डोॲक्वॉल. शेवटचा तुकडा आधी वाचायचा. ‘ऑल’ म्हणजे मॉलिसॉल, गवताने केलेल्या मऊ, काळ्या, सुपीक थराची माती. ‘ॲक्व’ म्हणजे पाण्याने घडवलेली. ‘एन्डो’ म्हणजे पाणी खालून, भूजलातून वर येणारं. ‘टिपिक’ म्हणजे नमुनेदार. ‘फाइन-लोमी’ म्हणजे चिकण १८ ते ३५ टक्के आणि पुरेशी वाळू, अर्थात पोयटा. ‘मेसिक’ म्हणजे मातीचं वार्षिक सरासरी तापमान ८ ते १५ अंश. एका ओळीत बर्फ, गवत, पाणी आणि हवा यांचा सगळा हिशेब आला.

हा हिशेब शेतात कसा मांडतात ते बघण्यासारखं आहे. सर्वेक्षक हातगिरमिटाने दांडाभर माती काढून ताडपत्रीवर खोलीच्या क्रमाने मांडतो. वरच्या थराचं ढेकूळ ओलं करून फोडतो आणि मन्सेलच्या रंगपट्ट्यांच्या पुस्तकातल्या छिद्राखाली धरतो. वेबस्टरचा वरचा थर १०वायआर २/१ या काळ्या पट्टीशी जुळतो किंवा त्याहून काळा येतो. मग चिमूटभर ओली माती अंगठा आणि तर्जनीत दाबत पट्टी काढतो. पट्टी अडीच सेंटिमीटरच्या आत तुटली तर पोयटा, अडीच ते पाचच्या मध्ये तुटली तर चिकण-पोयटा. खालच्या थरावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की मीटरभर खोलीच्या आसपास फेस येतो. हिमनदीने दळून आणलेली चुनखडी तिथे अजून शिल्लक आहे. करड्या थरावर डायपिरिडिल नावाचं द्रावण टाकतात. लोह विरघळलेल्या रूपात असेल, म्हणजे माती या घडीला खरोखर पाण्याने भरलेली आणि हवेविना असेल, तर ते गुलाबी-लाल होतं. नळ्या घातलेल्या शेतात उन्हाळ्यात ते बहुधा रंगतच नाही. रंगपट्टी सांगते माती पाण्यात वाढली. द्रावण सांगतं आज पाणी नाही.

या दोन साक्षींपैकी वर्गीकरणाने रंगपट्टीची मानली. ‘सॉइल टॅक्सॉनॉमी’च्या किल्लीत स्पष्ट तरतूद आहे: माती वर्षातला काही काळ संपृक्त असावी किंवा तिचा कृत्रिम निचरा केलेला असावा, दोन्हींना वर्ग एकच. निचऱ्याचे सात दर्जे आहेत, अतिनिचऱ्यापासून अतिवाईट निचऱ्यापर्यंत. त्यातही माती ज्या परिस्थितीत घडली तीच धरली जाते. म्हणून शंभर वर्षं नळ्या वाहत असल्या तरी वेबस्टरचा निचरा कागदावर ‘वाईट’च.

तीन दप्तरं

आता तिन्ही नोंदींचा मेळ लागतो. शास्त्राचं दप्तर मातीचा जन्म लिहितं. बाजाराचं दप्तर, म्हणजे मक्याच्या गुणांचा तक्ता, आयोवा स्टेट विद्यापीठाने १९७१ मध्ये तयार केला आणि २०१३ मध्ये सुधारला. जिथे निचरा लागतो तिथे तो केलेला आहे, असं तो धरूनच चालतो. म्हणून १०७ ला ऐंशीच्या वर. नळ्या नसतील तर हे गुण फोल. तिसरं दप्तर १९८५ च्या अन्नसुरक्षा कायद्याचं. पाणथळ जमीन नव्याने कोरडी करून पीक घेणाऱ्याला सरकारी मदत बंद, असं तो म्हणतो. मात्र २३ डिसेंबर १९८५ च्या आधीच कोरडी करून लागवडीखाली आणलेल्या जमिनीला सूट. म्हणून नळ्यांच्या नकाशाला आणि जुन्या पावत्यांनाही किंमत आली.

तीन दप्तरांपैकी एकातही चौथा प्रश्न नाही: जमिनीतून काढलेलं पाणी कुठे जातं आणि सोबत काय नेतं?

याचं उत्तर रसायनात आहे. पाण्याने भरलेल्या मातीत जिवाणू नायट्रेटचा वायू करून हवेत सोडतात. तीच माती कोरडी झाली की साठलेला सेंद्रिय पदार्थ वेगाने कुजतो आणि त्यातला नायट्रोजन नायट्रेट होतो. वरून मक्याला खत. नायट्रेटवर ऋण विद्युतभार, चिकणमातीवरही ऋण. त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. ऑक्टोबरात मका-सोयाबीन निघाल्यापासून पुढची लागवड वाढेपर्यंत ते शोषायला शेतात मुळंच नसतात. वसंतात पाऊस आणि वितळलेला बर्फ आला की ते नळ्यांतून थेट ओढ्यात, ओढ्यातून रॅकून आणि डी मॉइन नद्यांत, पुढे मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखातात जातं. तिथे दर उन्हाळ्यात मोठ्या पट्ट्यात पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे-कोळंबी तग धरत नाहीत.

डी मॉइन शहर याच नद्यांचं पाणी पितं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट-नायट्रोजनची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम. नद्या ती ओलांडतात म्हणून शहराच्या जलसंस्थेला १९९० च्या दशकापासून नायट्रेट काढणारा प्रकल्प चालवावा लागतो. २०१५ मध्ये तिने सॅक, ब्यूना व्हिस्टा आणि कॅल्हून या तीन जिल्ह्यांतल्या ड्रेनेज डिस्ट्रिक्टांवर खटला भरला: नळीचं तोंड हे कारखान्याच्या सांडपाण्याच्या तोंडासारखंच धरा. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा डिस्ट्रिक्टांना जुनंच कायदेशीर संरक्षण असल्याचं सांगितलं आणि २०१७ मध्ये संघीय न्यायालयाने खटला फेटाळला. निचऱ्यासाठी उभी केलेली संस्था निचराच करणार. पाण्यात काय आहे हे पाहणं तिचं काम नाही, असा त्याचा मथितार्थ.

उपाय नाहीत असं नाही. नळीचं पाणी लाकडाच्या चिपांनी भरलेल्या खड्ड्यातून नेलं की तिथले जिवाणू नायट्रेटचा वायू करतात. ओढ्याकाठच्या गवताच्या पट्ट्यात पाणी मुरवलं की तेच होतं. निचऱ्याच्या मुखाशी लहान पाणथळ पुन्हा तयार केली की तेच. हिवाळ्यात राय किंवा ओटचं आच्छादन पीक घेतलं की नायट्रेट मुळांत अडकतं. हे सारे उपाय करतात एकच गोष्ट: नळीने जे काम वेबस्टरकडून काढून घेतलं, ते थोडं परत देतात.

आपल्याकडे

नागपूरला १९७६ मध्ये राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो झाला. तिथे भारतातल्या माती याच ‘सॉइल टॅक्सॉनॉमी’त बसवल्या जातात. आपली फुगणारी, भेगाळणारी काळी तिच्यात ‘व्हर्टिसॉल’ म्हणून येते. म्हणजे वेबस्टर ज्या किल्लीने नोंदली गेली, तिनेच वऱ्हाडचं शेतही. पण किल्ली मातीचा जन्म सांगते. आज तिच्यातून काय वाहतंय, हे ती सांगत नाही.

हा फरक कृष्णाकाठाला ओळखीचा आहे. सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या पट्ट्यात अतिपाण्याने जमिनी चिबड आणि क्षारपड झाल्या. तिथे चिबडपणा बर्फाचा नाही, पाटाच्या पाण्याचा. पण उपाय म्हणून आता जमिनीखाली सच्छिद्र पाइप घातले जात आहेत आणि अशा शेतांत ऊस पुन्हा उभा राहतोय. पाइपातून निघणारं खारं पाणी ओढ्यातून कृष्णेत जातं. आयोवाने नळ्या आधी घातल्या आणि त्यांच्या मुखाशी काय येतं हा प्रश्न शंभर वर्षांनी न्यायालयात विचारला. आपल्याकडे पाइप नुकतेच पडत आहेत. निचऱ्याची योजना मंजूर करताना किती एकर सुधारले यासोबत मुखाशी येणाऱ्या पाण्याची नियमित तपासणी आणि ती नोंद जाहीर करणं, ही अट आत्ताच घातली पाहिजे. पाइप एकदा पुरले की ते उकरून बघायला कोणी जात नाही.